सव्वादोन तासांचं अंतर

आदेरितो : …आणि अंतर ते काय गं, ताई? जेमतेम दीड हजार किलोमीटर. सव्वादोन तासांत पोर्तोला. बोलावलंस की आलोच समज.

ओदीलिया : समजते ना. तीन वर्षं तेच समजतेय. तुझं विमान जरा सावकाशच उडतं.

(ओदीलिया पोर्तोजवळच्या घरी, स्वयंपाकघरात फोन स्पीकरवर धरून उभी आहे, धाकटा भाऊ लक्झेंबर्गहून बोलतोय. वडील झेफेरिनो टेबलाशी, एक पाय समोरच्या खुर्चीवर टाकून ऐकतायत.)

आदेरितो : टोमणे नकोत. इथे कामं असतात.

ओदीलिया : असणारच. बाबांना कुठे होती तिथे कामं? बावीस वर्षं लोकांच्या भिंती बांधत होते, म्हणजे हवापालटच. तरी दर ऑगस्टला ती खटारा गाडी दोन दिवस हाकत, अख्खा फ्रान्स नि स्पेन ओलांडून यायचे. विमान परवडत नव्हतं, म्हणून सवड मिळत असेल.

आदेरितो : झालं तुझं?

ओदीलिया : नाही. मंगळवारी त्यांचा पाय कापतायत. डावा, घोट्याच्या वरून. साखरेनं पोखरलाय. म्हटलं, साहेबांच्या कानावर घालावं.

आदेरितो : …मला कुणी बोललं नाही.

ओदीलिया : बाबांनी शपथ घातली होती. आत्ता मोडली.

आदेरितो : आलो तर परत म्हणतील, आलास कशाला. आईवर माती पडून गेल्यावर पोचलो, तेव्हा चार लोकांदेखत हेच विचारलं होतं. थेट विमान भरलेलं होतं, ताई. दोनदा बदलून, एक रात्र बाकावर काढून आलो होतो. ते कुणी विचारलं नाही.

ओदीलिया : तू तरी सांगितलंस? दोघं मिठाची गुळणी धरून बसलात, आणि मी आपली मधल्यामधे टपाल वाटतेय. थांब, बाबा हात पुढे करतायत. शिव्या द्यायच्या असतील. घे, बोल त्यांच्याशी.

झेफेरिनो : बाकावर झोपलास?

आदेरितो : हो, बाबा.

झेफेरिनो : हं. मला वाटलं होतं, स्वस्तातलं तिकीट शोधत बसलास.

आदेरितो : नाही, बाबा.

झेफेरिनो : शनिवारी सकाळी तिथल्या सहा दहाला सुटतं एक. आपलं घड्याळ तासभर मागे, म्हणून इथे साडेसातला उतरतं.

आदेरितो : तुम्हाला कसं ठाऊक?

ओदीलिया : कसं म्हणजे? दर शनिवारी कॉफी गार करत खिडकीत बसतात. ते विमान आपल्याच छपरावरून खाली येतं. विचारलं की म्हणतात, ढग बघतोय.

झेफेरिनो : तू गप गं. आदेरितो, टॅक्सी करू नकोस. मी येतो घ्यायला.

आदेरितो : असल्या पायानं?

झेफेरिनो : मंगळवारी कापणार आहेत. शनिवारी आहे अजून.