पोटातली कल्हई

मंडळी, आधी एक सांगा! घरात आंबट बोलणारं माणूस असलं, तर त्याला घालवायचं, की आपलं अस्तर राखायचं? सासूबाई सूनबाईंकडे बघून हसतायत! बरं, ऐका तर मग, उत्तर गोष्टीतच आहे.

कोकणातल्या एका गावात अण्णा लघाटे नावाचे आचारी. देवीच्या उत्सवाची आमटी त्यांचीच! भरपूर कोकम घातलेली, पितळी पातेल्यात. आणि पातेल्याला आतून कथलाची कल्हई नसेल, तर अण्णा चूल पेटवू देत नसत. का? आंबट पितळेला लागलं की कळकतं, खाणाऱ्याला बाधतं!

आणि स्वतः? उत्सवाच्या पंधरा दिवस आधीपासून रोज देवीचा नैवेद्य झाल्याशिवाय अन्नाचा कण नाही. कडक नेम! पण गुडघा ठणकतो ना — मग पहाटे रिकाम्या पोटी दुखण्याची गोळी, वर कोरा चहा. चहा नेमात बसतो हो! दुपारी छातीत जाळ, की खायचा सोडा. परत जाळ, परत सोडा! — तबलजी, तुम्ही का हसताय?

यंदा उत्सवाच्या आदल्या दिवशी अण्णा कोकम भिजवता भिजवता पोट धरून खाली बसले. कमिटीत कुजबुज सुरू — "शहरातला केटरर बोलवू या!" अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. मंडळी, आचाऱ्याला याहून मोठं दुःख नाही!

त्यांची भाची मुक्ता डॉक्टरीण, उत्सवाला आलेली. तिनं सगळं विचारून घेतलं. म्हणाली, "मामा, पोटातलं आम्ल तुमच्या कोकमापेक्षा कितीतरी जहाल!"

"मग पोटच कसं जळून जात नाही गो?"

"कल्हई आहे ना! आणि ती जिवंत आहे. आम्ल टोचलं की अस्तर आपणहून आणखी बुळबुळीत थर पाझरतं. आम्ल पुरेसं झालं, की पोट ते सोडणं आवरतं घेतं."

"मग माझंच घोडं कुठं अडलं?"

"तुमच्या गोळीपाशी! ती कल्हईवाल्यालाच झोपवते, थर पाझरणं मंदावतं. आणि सोडा टाकलात, की पोटाला वाटतं आम्ल कमी पडलं — सोडतं आणखी!"

अण्णा गार! "म्हणजे गावची पातेली मी राखली, आणि माझं खरवडलं?"

"गोळी बंद. मी दुसरं औषध देते. आणि उद्या सकाळी पोटात काहीतरी गेलंच पाहिजे. नाहीतर चूल विसरा!"

"नैवेद्याआधी? मुळीच नाही! नेम मोडणार नाही!"

झालं! आता? एवढ्यात अण्णांच्या सौभाग्यवती, शकूमामी, माजघरातून बाहेर आल्या. "देवीला तरी दुपारपर्यंत उपाशी का ठेवता हो? उद्या उजाडताच मी दूधपोह्यांचा नैवेद्य दाखवते. मग प्रसाद नाकारून दाखवा!"

मंडळी, देवीचा प्रसाद नाकारणार कोण? अण्णांनी निमूट वाटीभर खाल्ला! जळजळ काही एका दिवसात गेली नाही. गुडघाही ठणकत होता. पण स्टुलावर बसून हुकूम सोडत होते — "ढवळा! जाळ कमी करा!" आमटी अशी उतरली, की पंगत उठेना. केटररचं नाव कमिटीनं परत काढलं नाही.

तर मंडळी, पोटात काय, घरात काय, आंबट राहणारच! ते नसेल तर पचेल कसं? त्यावर सोडा ओतत बसाल, तर दुप्पट येईल. टोचलं, की आतून थोडं मऊ पाझरा. आणि देवाच्या नावावर आपलंच अस्तर खरवडू नका — कुठल्या देवानं मागितलंय ते?

आता खरं सांगा, रिकाम्या पोटी गोळी गिळून कोण कोण बसलंय? कुणीच नाही? मग तबलजी, डग्ग्याखाली ती पुडी कसली हो? सोड्याची? द्या इकडे! माई, यांना वाटीभर दूधपोहे आणा. हे खातील, मगच आपण गजर करू!