कपाळावरची खोक

फोटोवाला : हे तुझे बाबा? मला वाटलं, साबणाची जाहिरात घेऊन आलास.

मुलगा : काका, चेष्टा नको. बाबांना जाऊन महिना झाला. भिंतीवर लावायचा म्हणून फोनवरच्या ॲपमध्ये जरासा साफ केला.

फोटोवाला : जरासा? अरे, कपाळावरची खोक कुठे गेली?

आई : तेच म्हणते मी! तीस वर्षं ज्यांच्याशी भांडले, ते हे नव्हेत. या परक्या माणसाला मी घरात टांगू देणार नाही.

मुलगा : ॲपला तो डाग वाटला, आई. आणि सेव्ह झालं ते नेमकं जुन्यावरच. दुसरा फोटो आणू कुठून? बाबा कॅमेरा दिसला की पळायचे.

फोटोवाला : डाग म्हणे! त्या ॲपला अख्खा माणूसच डाग वाटतो. आमच्या गल्लीत एका ढेरपोट्याने त्यात पोट आत घेतलं, तर मागचा खांब वाकला. फोटो बघून घरमालक गवंडी घेऊन हजर! आणि त्या शिंपीणबाईंनी नाक इतकं बारीक केलं, की आठवडाभर वासच येईना.

आई : भाऊजी, थापा पुरेत.

फोटोवाला : खांबाचं खरं आहे, वहिनी. नाकाचं सोडा.

मुलगा : बाबांची जुनी निगेटिव्ह आहे का, तेवढं सांगा.

फोटोवाला : आहे का म्हणजे? लग्न ठरवतानाचा फोटो मीच काढलाय. आमच्याकडे माणूस आहे तसा यायचा. ही घे. धर उजेडात.

मुलगा : काका... यातही खोक नाही.

फोटोवाला : डोळे उघडून बघ.

मुलगा : उघडेच आहेत. कपाळावर कुणीतरी पेन्सिलीने बारीक बारीक ठिपके भरलेत.

(फोटोवाला चष्मा काढून पुसत बसतो.)

आई : का हो भाऊजी, ‘आहे तसा’ म्हणजे हा असा?

फोटोवाला : तुमचे सासरे म्हणाले, खोक दिसली तर मुलगी नाही म्हणेल. दोन तास मान मोडून भरत होतो.

मुलगा : म्हणजे पहिलं ॲप तुम्हीच!

आई : आणि तो फोटो पाहूनच मी नाही म्हटलं होतं. इतक्या गुळगुळीत माणसाचं करायचं काय? मग हे स्वतःच दारात आले, का नाही म्हणून विचारायला. तेव्हा दिसली खोक.

फोटोवाला : पेन्सिलच आहे, वहिनी. स्पिरिटच्या कापसाने पुसली, की खालची खोक जशीच्या तशी येईल.

आई : हळू पुसा. थंडीत दुखायची त्यांना ती.