ऑपरेटरचा कान

नाही हो, ते दार वाजवून उपयोग नाही. भाऊ घराच्या कागदांच्या झेरॉक्स काढायला गेलेत, आणि वहिनी आत असल्या तरी उघडायच्या नाहीत — तुमचा आवाज ओळखतात त्या आता. या, इथे बसा. माझं दार उघडंच असतं. लोक म्हणतात, हिला जिन्यावरून कोण चढलं, कोण उतरलं, सगळं कळायला हवं. हवंच मुळी! शेजारी कशाला म्हणायचं मग?

फॉर्म ना त्या पिशवीत? ठाऊक आहे मला. कामगारांनी मिळून बंद कारखाना विकत घ्यायचा, पंखे बनवणं पुन्हा सुरू, ज्याच्याकडे रोकड नाही त्याने घर तारण ठेवून शेअर घ्यायचे — भाऊंनी जिन्यातच सगळं सांगितलं, चेहरा असा की जणू उद्या सकाळीच भोंगा होणार. बावीस वर्षं स्टोअर सांभाळलं हो त्यांनी. मोजणीत एक नट कमी आला तर डबा तसाच घरी परत. आणि तुमचे उमेदवारसाहेब पाठीशी आहेत म्हणे. असतील. दर निवडणुकीला कोणीतरी असतोच. मागच्याने तर गेटच्या कुलपाला हात लावून शपथ घेतली — हात गंजाने तांबडा झाला, मग भाषण राहिलं बाजूला, रुमाल मागत सुटला! हसू नका. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या त्याला.

आम्ही म्हणजे मीही तिथलीच. टेलिफोन ऑपरेटर, एकोणीस वर्षं. शिक्षण बेताचं, पण आवाज बरा म्हणून लागले. बोर्ड जुना, काम सोपं — फोन आला की दोरी खोचायची, बटण दाबून दोन सेकंद ऐकायचं, लाइन लागली ना, आणि बटण सोडून द्यायचं. मी सोडत नसे. खोड, दुसरं काय! कोणाची बदली, कोणाचं लग्न मोडलं, कोणाला घरी बसवणार — सगळं मला आधी. पण बाहेर एक शब्द नाही, हां. पहिल्याच दिवशी हेडक्लार्कने बजावलं होतं, ऑपरेटरला कान असतात, तोंड ‘हॅलो’पुरतं. मला त्याचा अभिमान वाटायचा. वेडी मी.

तर एकदा — हे कशाला सांगतेय मी तुम्हाला — मालकांचा फोन, मेहुण्याला. म्हणाले, सहा महिन्यांत गाशा गुंडाळायचाय, तोवर शेअर कामगारांच्या गळ्यात मार. हेच शब्द. आणि सोमवारी नोटीस लागली, कामगार आता मालक होणार! नोटिशीपुढे ही झुंबड. जेवणाच्या सुट्टीत भाऊ माझ्या खिडकीशी आले. म्हणाले, “ताई, तुमच्या कानावर सगळं असतं. फंडातले पैसे काढून शेअर घेऊ का?”

काय म्हटलं असेल मी? म्हटलं, घ्या की, सगळेच घेतायत. — असं बघू नका हो माझ्याकडे. बोलले असते तर दुसऱ्या दिवशी मी घरी. नवरा अंथरुणाला खिळलेला, मुलं शाळेत. कोण होतं मला? मी स्वतः... मी घेतले का? चहा टाकू थोडा? नको? — नाही घेतले. एकही नाही. वहिनींना म्हटलं, आमच्याकडे कुठले आलेत पैसे. सहा महिन्यांत गेटला कुलूप, शेअरची रद्दी. भाऊंचे अजून कपाटात आहेत, कपड्यात गुंडाळून, लेकीच्या लग्नाच्या फोटोंशेजारी. आता उरल्यात त्या दोन खोल्या. त्याच तुमच्या फॉर्मवर चढायच्यात.

काल वहिनी माझा हात धरून रडल्या. म्हणाल्या, तुम्ही सांगा, तुमचंच ऐकतात ते. सांगेन हो! पण मी नको म्हटलं की ते विचारणार, का? आणि त्या ‘का’चं मी काय करू? कुलूप लागल्यापासून अकरा वर्षं रोज बोलतेय त्यांच्याशी — भाजी, पाणी, विजेचं बिल, वरच्या मजल्यावरची भांडणं — हा एक विषय सोडून सगळं. म्हणून तुमच्यापुढे हात जोडते. तुम्हीच सांगा ना, फॉर्म संपले. काय जातं तुमचं? एक फॉर्म... हो? आकडा वरून ठरवून देतात? नाही भरला तर तुम्हालाच घरी बसवतील? खरंय. घरी तुमच्याही खाणारी तोंडं असतील. मी कोणत्या तोंडाने बोलू तुम्हाला.

थांबा. चपला वाजल्या. भाऊच. — या भाऊ, मीच बसवलं यांना. हो, समजावलं ना त्यांनी, सगळं समजावलं. पेन? आहे की माझ्याकडे, पण... भाऊ, सही नका करू. नका करू म्हणतेय ना मी! अहो, तुम्ही जरा बाहेर थांबा, पिशवी घ्या ती, जा. — काय म्हणालात, भाऊ? का म्हणजे...