दयाकाकूंनी जपलेला पुरावा

श्रीरामपूर-नेवासा एसटीत प्रार्थना कानात हेडफोन घालून बसली होती. गाणं कधीच बंद केलेलं होतं. पुढच्या सीटवर दयाकाकू आणि रिटायर हवालदार गनीभाई बोलत होते.

“गनीभाई, आमच्या ओट्यावर खून झाला म्हनून आमचे हे आठ दिस कोठडीत. केला दुसऱ्यानंच.”

“घाबरू नका काकू. आता डीएनए हाय. खुन्याचा एक केस घावला तरी बास.”

“केस कुठला? पोलीस येनार कळलं अन् मी ओटा फिनाईलनं तीनदा धुतला.”

“खुनाची जागा धुतली?”

“घरी मानसं यायची म्हटल्यावर घान ठेवायची व्हय?”

“माझ्या नोकरीत सतरा खून झाले, डीएनए दोनदाच घावला. बाकी सगळीकडं तुमच्यासारख्या काकू हुत्या.”

“पन धुताना एक टोपी घावली. ह्यांच्या डोक्याला बसत न्हाई, मयताच्याबी न्हाई.”

“मग खुन्याचीच! टोपीत घाम असतो, केस असत्यात. सुटले तुमचे मालक! कुठंय?”

“ही काय, पिशवीत. साहेबालाच द्यायला चाललेय.”

“काकू, ही कोमट कशी?”

“निघताना इस्त्री केली.”