घंटा कुणी बांधायची?

गोविंदी : पण पंडितजी, माझा अर्ज गेला कुठं? माघात इथंच टांगला होता, दाराच्या डाव्या अंगाला.

पुजारी : डाव्या अंगालाच हजारेक असतील, गोविंदी. आणि न्याय मागायला गोलू देवतेच्या दारी टांगलेला अर्ज कुणी परत नेत नाही.

गोविंदी : मला न्यायचाय. त्यानं वाचायच्या आत!

पुजारी : असं लिहिलंयस तरी काय?

गोविंदी : माझ्या धाकट्या जावेनं, भागुलीनं, माझी नथ चोरली, तिला शिक्षा कर. कचेरीबाहेरच्या मुन्शीकडून चांगलं स्टँप पेपरवर लिहून घेतलं. देवाला कच्चा कागद कसा द्यायचा?

पुजारी : बरं, मग?

गोविंदी : मग काय! काल नाचणीच्या पिठाचा डबा उपसला, तर तळाशी नथ. यांना हल्द्वानीला दवाखान्यात नेलं, तेव्हा मीच खुपसली होती. साफ विसरले बघा.

पुजारी : सापडली ना? न्याय मिळाला की घंटा बांधायची. बांध आणि मोकळी हो.

गोविंदी : घंटा आणलीय हो! पण बांधू कशी? फिर्याद माझी, न्याय झाला, आणि चोर मीच!

पुजारी : स्वतःची नथ कुणी चोरतं का?

गोविंदी : मग मी कोण?

पुजारी : थांब बाई, माझंही डोकं फिरवलंस. भागुली कुठाय?

गोविंदी : माहेरी. गावानं छी-थू केली, गेली निघून. आठवा महिना लागलाय तिला. देवानं शिक्षा दिली, बाळाला काही झालं, तर?

पुजारी : कुणापुढं बोलतेयस? हा देव जन्मला तेव्हा याच्या आईच्या सवतींनी याला पळवलं, तिच्या कुशीत पाटा-वरवंटा ठेवला, आणि राणी दगड व्याली म्हणून बोंब ठोकली. मोठा झाल्यावर हा लाकडी घोड्याला पाणी पाजायला त्या सवतींच्या पाणवठ्यावर आला. त्या हसल्या, तर म्हणाला, 'बाई दगडाला जन्म देते, तर माझा घोडाही पाणी पिईल.' त्याला खोटा आळ ओळखू येत नाही होय?

गोविंदी : येतो, म्हणूनच तर अर्ज परत हवाय. मी त्या सवतींतलीच झाले की!

(पुजारी तिच्या हातातली घंटा घेतो, उलटसुलट करून बघतो.)

पुजारी : न्याय कुणाला मिळाला?

गोविंदी : मला... नाही. भागुलीला.

पुजारी : मग घंटा तिची. तिनंच बांधायची.

गोविंदी : म्हणजे आधी तिला सगळं सांगायचं?

पुजारी : माहेर कुठंय तिचं?

गोविंदी : ते काय, पायऱ्यांच्या खाली. निळ्या पत्र्याचं.

पुजारी : अगं, म्हणजे तिच्या दारावरूनच वर आलीस!

गोविंदी : हो. तोंडावर पदर ओढून.