शास्त्र कुठं उघडतं

नाही, शिवण पार गेलीय याची, नुसता डिंक लावून भागायचं नाही — पानं सुटी करून पुन्हा शिवावी लागतील, आठ दिवस धरा. रविवारच्या आत? बाई, पवित्र शास्त्र आहे हे, बायबल, चपलेचा अंगठा नाही. एवढी घाई कशाला — असं होय, निर्णय घ्यायचाय. आईला एकटं ठेवून नोकरीवर जायचं की नाही, हा. आणि तो घेणार कसा? डोळे मिटून उघडायचं, बोट ठेवायचं. हसत नाही मी. बसा त्या स्टुलावर.

आमच्या बाबांचीही हीच रीत. हे पुस्तकबांधणीचं दुकान त्यांचंच. जेवणं झाली, प्रार्थना झाली, की शास्त्र उघडायचं आणि बोटाखाली येईल त्या वचनावर घर चालवायचं. एकदा दुकानाला रंग द्यायचा होता, बोट पडलं टोळधाडीवर — तीन वर्षं भिंती तशाच. चर्चचे पाळक म्हणायचे, अहो, मागचं-पुढचं वाचत जा, नुसत्या बोटानं काय कळतंय? पण बाबा ऐकतील तर शपथ. आता धंद्यातली गोष्ट सांगतो. पुस्तक आपोआप कुठं उघडतं? पाठ जिथं मोडलेली असते तिथं. एकाच जागी दाबत राहा, जन्मभर तिथंच उघडेल. बाबांची हयात बांधणीत गेली, पण शास्त्रालाही हे लागू आहे असं त्यांच्या कधी मनात आलं नाही. माझ्या आलं. एकोणीस वर्षांचा होतो मी.

ताईला मागणी आली होती. गणिताचा मास्तर, लांबच्या गावचा, भला माणूस. ताईनं पेटीसुद्धा माळ्यावरून काढून पुसून ठेवली होती. आणि आई अंथरुणाला खिळलेली, अर्धं अंग गेलेलं. ताई गेली की आईला उठवणार कोण, धुणार कोण, भरवणार कोण? बाबा दिवसभर दुकानात. म्हणजे मी. मला किळस यायची हो — आईची. आता बोललोच आहे तर ऐका. नाही नाही, हळू बोलायचं कारण नाही, ती आत पानं शिवत बसलीय, रेडिओ लावलाय, तिला काही ऐकू जात नाही. हो, ताईच. दुसरं कोण असणार इथं?

तर बाबा म्हणाले, शनिवारी वचन घेऊ. शुक्रवारी दुपारी घरात कोणी नव्हतं, आई सोडली तर. मी शास्त्र घेतलं, त्यातल्या रूथच्या गोष्टीचं पान काढलं आणि गुडघ्यावर धरून पाठ मोडली — दहादा नाही, चाळीसदा — वर घडी दाबायच्या हाडाच्या पट्टीनं घोटलं. शनिवारी बाबांनी डोळे मिटले आणि ते तिथंच उघडलं, शहाण्या मुलासारखं. विधवा सून म्हाताऱ्या सासूला सोडून जायला तयार नाही. बाबा रडले. ताई नाही रडली. पेटी परत माळ्यावर गेली, शिडी मीच धरली.

आई पुढं अकरा वर्षं जगली. मास्तर दोन वर्षं थांबला, मग त्यानं दुसरीकडे लग्न केलं. आणि ताई अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, मला वचन मिळालं होतं. तुम्ही रूथ नीट वाचलंय का? त्या पोरीला कुणी बोट ठेवून सांगितलं नव्हतं. सासू तर जा म्हणत होती, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. ती राहिली ती आपल्या मनानं. बाबांनी चार ओळी वरच्या वाचल्या असत्या तरी — पण बाबांचा काय दोष, पाठ मोडली मी. ताई देवाचे आभार मानते आणि मी खाली मान घालून तिच्या हातचं जेवतो.

म्हणून सांगतो, हे तुमचं बघा, ठेवलं टेबलावर, सोडला हात — उघडलं. कुठं? तुमच्या आईचं शास्त्र ना हे, तिनं रोज वाचलं असेल तिथं. हे आईचं बोट झालं बाई, देवाचं नाही. वाचायचं तर अख्खं वाचा, आणि मग तिच्याजवळ बसून तिलाच विचारा, की —

काय झालं? माझ्या मागं काय बघताय?

ताई. रेडिओ कधी बंद केलास?

बस ना. हातातली सुई तरी खाली ठेव.

बाई, तुम्ही निघा आता. ते शास्त्र घेऊन जा, माझ्याकडे नको. आणि जाताना दार ओढून घ्या.