शिसवाची फळी

स्नेहलतागंजच्या कोपऱ्यावर टेम्पोची वाट पाहत होतो. माझ्या पुढे एक नवरा-बायको शिसवाची जाड फळी उभी धरून होते.

"अहो, आंब्याचं लाकूड घेतलं असतं तर बेस गिटार हलकी झाली असती."

"आंब्याचा सूर गोल येतो, मालिनी, पण लगेच मिटतो. शिसवाचा टिकतो, आणि साफ ऐकू येतो."

"आणि तुमचा खांदा? मिलमध्ये कापडाच्या साच्यांवर राबून आधीच दुखतो."

"साचे आता कुठे? मिल बंद झाली, खांद्याला आरामच आहे."

"ऑर्केस्ट्रावाले तर म्हणाले, बेस आता कीबोर्डवरच वाजेल, तुम्ही येऊ नका."

"त्यांच्याकडे जातोय कोण? अनंत चौदसला गणपतीच्या मिरवणुकीत आपल्या मिलची झांकी निघणार, गाडीवर देखावा सजवून. चंदा आम्ही कामगारांनीच जमवलाय. तिथे वाजवीन."

"बंद मिलची कसली झांकी, म्हणून लोक हसतायत."

"म्हणून तर शिसव घेतलं. ढोल-ताशांच्या गलक्यातही त्यांना ऐकू गेलं पाहिजे."

टेम्पो आला. ड्रायव्हरनं फळीकडे पाहिलं.

"भिया, ये लकडा नहीं जाएगा."

"लकडा नहीं है भिया, बाजा है."

"बन जाए तब ले आना. अभी सवारी बैठने दो."

"मालिनी, तू बसून घरी जा. मी पायी आणतो."

"एकटे? मुळीच नाही. मागचं टोक माझ्या खांद्यावर द्या."

"जड आहे गं."

"असू दे. हलकं आता मलाही नकोय. चला, तुम्ही पुढे व्हा."